आधी तुमचं म्हणणं

“नाही, हेही माझं म्हणणं नाही,” आई म्हणाली. मी चहाचा ट्रे धरून दारात उभा होतो आणि कपांवर साय धरत चालली होती.

समोरच्या खुर्चीत हरिपूरकर बसले होते. वैजयंतीचे वडील. लग्नाची बोलणी करायला ते सांगलीहून सिटी बसनं आमच्याकडे मिरजेला आले होते. बोलणी म्हणजे काय, तर तारीख, कार्यालय आणि माणसं किती, एवढंच उरलं होतं. मी आणि वैजयंती एकमेकांना पसंत होतो. जातीची अडचण नव्हती, पत्रिका कुणी मागितली नव्हती. पोहे खाऊन अर्ध्या तासात उठतील अशी माझी भाबडी समजूत होती. पण बशी खाली ठेवता ठेवता ते म्हणाले होते, “एक गोष्ट आधीच सांगतो, इंदूताई. लग्न रजिस्टर होणार. होम नाही, भटजी नाही, मंगलाष्टका नाहीत. मी देव मानत नाही, आणि जे मानत नाही ते करत नाही.”

आणि माझी आई, जिनं जन्मात कधी आवाज चढवला नव्हता, ती म्हणाली होती, “मंगलाष्टकांशिवाय माझ्या मुलाचं लग्न होणार नाही.”

दुसऱ्या कुठल्याही घरात इथं एक तर भांडण पेटलं असतं, नाहीतर बोलणी मोडली असती. हरिपूरकरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला. “ठीक आहे. मग पद्धतीनं बोलू. आधी तुमचं म्हणणं मी मांडतो. ते मी बरोबर मांडलं असं तुम्ही म्हणालात, तरच मला ते खोडायचा अधिकार. मग माझं म्हणणं तुम्ही मांडायचं. जुने शास्त्री याला पूर्वपक्ष म्हणायचे. त्यांच्याकडनं तेवढी एकच गोष्ट मी घेतली आहे.”

मग त्यांनी आईचं म्हणणं मांडलं. देव आहे, तो वरनं बघतो आणि विधी चुकवले की कोपतो, असं तुमचं म्हणणं. आई म्हणाली, “कोपायला तो काय मामलेदार आहे? असं मी कधीच म्हटलं नाही.” बरं, मग वाडवडिलांनी केलं म्हणून आपण करायचं. “नाही. वाडवडिलांनी केलेलं बरंच काही मी सोडलंय.” मग लोक काय म्हणतील, ही भीती. हे ऐकून आई जरा रागावलीच.

“मग तुमचं म्हणणं आहे तरी काय?” हरिपूरकरांनी विचारलं. चिडून नाही, खरोखरच माहीत करून घ्यायला.

“ते मलाही नीट माहीत नाही,” आई म्हणाली. “आजवर कुणी विचारलंच नव्हतं.”

“मग पुढच्या रविवारी येतो,” हरिपूरकर म्हणाले आणि गार चहा एका घोटात संपवून बस पकडायला गेले. तारीख, कार्यालय, माणसं, काहीच ठरलं नाही.

दुसऱ्या दिवशी वैजयंतीला भेटलो. ती सांगलीला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. मी सगळं सांगितलं तर तिनं कपाळालाच हात लावला. “अप्पांनी पूर्वपक्ष काढला? मग संपलंच.”

“म्हणजे?”

“मी कॉलेजला असताना त्यांच्याकडे मोपेड मागितली होती. त्यांनी माझं म्हणणं इतकं सुंदर मांडलं, इतकं सुंदर मांडलं, की शेवटी मलाच ते पटेनासं झालं. मी कॉलेज संपेपर्यंत चालत गेले.”

मी तेव्हा हसलो होतो.

हरिपूरकर वजनमापे खात्यातनं निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. हळदीच्या पेठेत त्यांचं नाव काढलं की व्यापारी तराजूची पारडी पुसायला घेत, असं वैजयंती सांगायची. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, तीही नुकतीच निवृत्त झालेली. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले, वैजयंतीची आई ती लहान असताना. दोन्ही घरांत सुनं सुनंच होतं म्हणायचं. पण त्या वेळी मला हे काही सुचत नव्हतं. मला लग्न करायचं होतं.

पुढच्या रविवारी हरिपूरकर आले. त्याच्या पुढच्या रविवारीही आले. चारच्या सुमाराला फाटक वाजायचं, आई पदर सारखा करायची, आणि मग दिवेलागणीपर्यंत चालायचं. चहा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण आई उठली की मुद्दा तुटायचा. कपाटातले निळ्या फुलांचे कप, जे मामा आला तरी निघायचे नाहीत, ते आता दर रविवारी निघायला लागले.

मी मिरजेतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचो. हाड मोडलं असलं तर फिल्मवर दिसतं, नसलं तर नसतं. त्यावर कुणी दोन महिने बोलत बसत नाही. आमच्या बाहेरच्या खोलीत मात्र काय वाटेल त्यावर बोलणं चाले. देव आहे का, इथपासून सुरुवात. मग माणूस देवाला हात जोडतो तेव्हा नेमकं काय करतो. मग माणूस जन्माला येतो तो कशासाठी. यावर तर दिवाळीच्या आधीचे सगळे रविवार गेले. मी एकदा ट्रे ठेवताना म्हणालो, “मी जन्माला आलो तो चहा करायला, हे आता सिद्ध झालंय.” दोघं हसले, आणि हरिपूरकर म्हणाले, “थांबा, गजाननरावांचं म्हणणं मांडू का?” मी स्वयंपाकघरात पळालो.

खरं सांगायचं तर काही काही वेळा मीही दाराआड ऐकत उभा राहायचो. एका रविवारी आईला तिचं म्हणणं सापडलं.

“एक्स्चेंजमध्ये असताना,” ती म्हणाली, “कुणीतरी नंबर सांगायचं. मी लावून द्यायची. पलीकडे घंटी वाजायची. कधी कुणी उचलायचं, कधी नाही. पण उचलत नाहीत म्हणून पलीकडे घरच नाही, असं मी कुणाला कधी सांगितलं नाही. पुन्हा लावून बघा म्हणायची. माझं हात जोडणं तसं आहे. मला काही मागायचं नसतं. मी फक्त लावून बघते.”

हरिपूरकरांनी ते तिला परत मांडून दाखवलं, तिच्याच शब्दांत, एकही शब्द न गाळता. आई ऐकत होती. “हो,” ती म्हणाली, “हेच माझं म्हणणं.” तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मग हरिपूरकर म्हणाले, “आता खोडतो. लाईन मध्येच तुटलेली असली तरी फोन करणाऱ्याला घंटी ऐकू येते की नाही?”

आईनं विचार केला. खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. “येते,” ती म्हणाली. “ती घंटी आमच्या एक्स्चेंजमधलीच असते.”

“म्हणजे घंटी ऐकू आली हा पलीकडे घर असल्याचा पुरावा नाही.”

“नाही,” आई म्हणाली, आणि तो सगळा आठवडा ती भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना तेच मनात घोळवत होती.

पण पुढच्या रविवारी तिनं त्यांना गाठलं. “दुकानदाराचं वजन तुम्ही कशाशी पडताळायचा?” माझ्याजवळच्या प्रमाण वजनाशी, ते म्हणाले. ते कशाशी? वरच्या ऑफिसातल्या. ते? दिल्लीच्या. आणि दिल्लीचं? “पॅरिसला एक ठेवलेलं आहे, त्याच्याशी.” “आणि ते पॅरिसचं कशाशी पडताळतात?” हरिपूरकरांनी चष्मा काढला. “ते कशाशीच नाही. ते मानायचं.”

“मग मी तरी दुसरं काय म्हणते?” आई म्हणाली.

हरिपूरकर त्या दिवशी एक बस चुकवून बसले, तरी त्यांना ते खोडता येईना.

ऐकायला हे छान आहे. मी आता चार माणसांत सांगतो तेव्हा लोक वा वा म्हणतात. पण तेव्हा माझी अवस्था काय होती? दिवाळीनंतरचं कार्यालय बघून ठेवलं होतं, ते हातचं गेलं. मग माघातलं एक मिळालं, तेही ठरवलं नाही म्हणून त्यांनी दुसऱ्याला दिलं. दवाखान्यात रोज कुणीतरी विचारायचं, “काय, कधी बार उडवताय?” शेजारच्या म्हेत्रेकाकू तर फाटकातच गाठायच्या. “काय ओ गजानन, व्याही आले होते न्हवं परत? लई बोलणी चाललीत की तुमची. एवढ्यात आमच्यात बारसं झालं असतं.” बाकी त्यांना त्यात वावगं काही वाटत नव्हतं. लग्नाची बोलणी म्हटल्यावर मुलीचा बाप दर रविवारी एका विधवा बाईकडे येऊन दोन-तीन तास बसला, तरी ते कुणाच्याच डोळ्यांवर येत नव्हतं.

आईला मी किती वेळा म्हणालो, “अगं, काय ते एकदा ठरवून टाका.” तर ती म्हणायची, “ठरवायचंच आहे रे. पण पटल्याशिवाय कसं ठरवणार?” एकदा जेवताना मी जरा जास्तच तणतणलो, तेव्हा ताटात भात वाढता वाढता ती आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, “लग्न झालं की यांचं येणं बंदच. मुलीच्या घरी बापानं सारखं जाणं बरं दिसत नाही.” मी म्हटलं, “बंद झालं तर बरंच की, माझी चहातनं सुटका होईल.” तिनं माझ्या भातावर वरण वाढलं.

फाल्गुनात एका संध्याकाळी मी घरी आलो तर आई देवापुढे निरांजन लावून बसली होती. मला म्हणाली, “जा, सांगलीला जाऊन सांग. मला पटलं. रजिस्टर करू.”

मी स्कूटर काढली ती थेट सांगलीला. वाटेत दोनदा मोठ्यानं गाणं म्हटलं. दार वैजयंतीनं उघडलं, आणि तिचं तोंड बघून मी पायरीवरच थांबलो.

“अप्पांना मंगलाष्टका पाहिजेत,” ती म्हणाली.

“काय?”

“त्यांना पटलं. पॅरिसचं वजन पटलं. काल रात्रीपासून म्हणताहेत, माणसं ज्याच्यावर मिळून हात ठेवतात ते खरंच असतं. अंतरपाट धरा, अक्षता टाका, सगळं करा.”

“आणि आई म्हणते, रजिस्टर.”

आम्ही दोघं पायरीवर बसलो. तिला हसू यायला लागलं, मला काही येईना.

तरीही मला वाटलं, आता सुटेल. आता तर कुणाचाच कशाला विरोध नाही. रविवारी दोघं समोरासमोर बसले. आई म्हणाली, “माझ्यासाठी तुम्ही तत्त्व सोडू नका.” हरिपूरकर म्हणाले, “सोडलं नाही, पटलं. पण तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही मंगलाष्टका सोडताय.” आई म्हणाली, “मी सोडत नाही, मला पटलंय.” “काय पटलं ते मांडून दाखवा.” आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. फक्त आता आई बाजू मांडत होती नास्तिकाची आणि हरिपूरकर आस्तिकाची. आई म्हणत होती, तुटलेल्या लाईनवर अक्षता कशाला टाकायच्या. हरिपूरकर म्हणत होते, पण घंटी तर वाजते ना. मी ट्रे टेबलावर आदळून बाहेर निघून गेलो. परत आलो तर ट्रे तसाच, बोलणंही तसंच.

त्याच आठवड्यात वैजयंती स्वतःच दवाखान्यात आली. नांदेडच्या एका चांगल्या शाळेनं तिला बोलावलं होतं. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं.

“मी तिथं अर्ज केला होता तो कंटाळून,” ती म्हणाली. “आता ऑर्डर आली आहे. गजानन, मी पळून जाऊन लग्न करणार नाही. त्या दोघांना डावलून तर नाहीच. अक्षता टाका नाहीतर सह्या करा, पण दोघं मनापासून समोर उभे पाहिजेत. नाहीतर मी नांदेडला जाते. माझी आता तिशी जवळ आली, मला दर सोमवारी ‘काल काय ठरलं’ विचारायचा वीट आलाय.”

“आणि मी?”

“तू चहा कर,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्या रविवारी तीही अप्पांबरोबर आली. ऑर्डरीचं तिनं सांगितलं. दोघांनी ऐकलं. आई म्हणाली, “नांदेड लांब आहे गं.” हरिपूरकर म्हणाले, “आधी वैजूचं म्हणणं नीट मांडू या.” आणि माझं डोकं फिरलं.

“पुरे!” मी ओरडलो. त्या घरात इतक्या मोठ्यानं कुणी ओरडलं नसेल. “काय मिळालं या चर्चेतनं? सांगा ना. देव सापडला? नाही सापडला, हे तरी ठरलं? जन्माला कशाला आलो ते कळलं? एक साधं लग्न तुम्हाला लावता येईना. आमचं वर्ष घालवलंत तुम्ही. दोन शहाणी माणसं बसून नुसते शब्द इकडचे तिकडे करताय. थांबा, आज मी मांडतो तुमचं म्हणणं! तुमच्याच पद्धतीनं. तुमचं म्हणणं असं आहे, की पोरांचं लग्न झालं नाही तरी चालेल, पण हा रविवार चुकता कामा नये!”

मला टोमणा मारायचा होता. तो कुणी खोडील, निदान रागावेल, असं वाटलं होतं. पण वैजयंती आपल्या वडिलांकडे बघत होती. हरिपूरकरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरला.

“हो,” ते म्हणाले. “हेच माझं म्हणणं.”

आईनं मान खाली घातली होती. हातानं ती टेबलक्लॉथची सुरकुती काढत होती, जिथं सुरकुती नव्हती. “माझंही,” ती म्हणाली.



“आता खोडा,” हरिपूरकर मला म्हणाले. “तुम्ही बरोबर मांडलंत. तुम्हाला अधिकार आहे.”

मला खोडता येईना.

आईच बोलायला लागली, खाली बघतच. “सगळी नोकरी मी दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. जोडून दिली की आपला कान काढून घ्यायचा, असा नियम. लोक किती बोलायचे, काय काय बोलायचे. मला वाटायचं, एवढं काय असतं एकमेकांना सांगायला? तुझे बाबा भले माणूस होते, पण ‘भाजी काय’ आणि ‘किल्ली कुठे’ यापलीकडे ते माझ्याशी बोलले नाहीत. मी काही तरी म्हणते आणि समोरचा माणूस ते पुन्हा म्हणून बघतो, बरोबर आहे का विचारतो, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं. तुला ते नुसते शब्द वाटतात. असतील. मला संपवावंसं वाटलं नाही, हे खरं.”

“तुम्ही असल्या रूढी काही मानत नाही ना अप्पा?” वैजयंती हळूच म्हणाली. “मग लग्नानंतरही या की. कोण अडवतंय?”

“मी नाही मानत,” हरिपूरकर म्हणाले. “पण या गल्लीत इंदूताईंना राहायचं आहे. मला बस मिळते, मी जातो. मागं बोलणं त्यांना ऐकावं लागेल. आज मी लग्नाची बोलणी करायला येतो. उद्या कशाला येतो म्हणून सांगायचं?” मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “पण गजाननराव, तुमचं खरं आहे. आम्ही चुकलो. वैजू, सांग, काय करायचं?”

“दोन्ही करायचं,” वैजयंती म्हणाली. “एक दिवस सह्या, दुसऱ्या दिवशी मंगलाष्टका. आता तर दोघांना दोन्ही पटलेलं आहे.”

दहा मिनिटांत तारीख ठरली. हे पहिल्याच रविवारी होऊ शकलं असतं, असं माझ्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही. निघताना हरिपूरकर दारात थांबले. “बरं आहे, इंदूताई,” ते म्हणाले. आई “बरं” म्हणाली आणि कप उचलून आत गेली. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण आत नळाखाली ती तोच एक कप कितीतरी वेळ विसळत होती, त्याचा आवाज मला ऐकवेना.

लग्न वैशाखात झालं, सांगलीला. सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी अंतरपाट धरला तेव्हा हरिपूरकरांनी सगळ्यांत आधी अक्षता टाकल्या, त्याही नेम धरून माझ्या डोक्यावर. सगळं सुरळीत चाललं होतं. मग विहिणीची पंगत बसली. वैजयंतीची कुसुमआत्या, हरिपूरकरांची मोठी बहीण, ती सगळं कार्य सांभाळत होती. आईच्या ताटाभोवती रांगोळी, चांदीची वाटी, समई, कशात काही कमी नव्हतं. आत्यानं जिलबी वाढायला हात पुढं केला, आणि आईनं ताट सरकवलं.

“नको,” आई म्हणाली. चांगली खणखणीत म्हणाली. “मला मान मिळाला नाही.”

वाढणारे हात जागच्या जागी थांबले. आत्या तर हबकलीच. “अहो विहीणबाई, काय चुकलं आमचं?”

“काय चुकलं ते सांगावं लागलं तर मान कसला?”

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. ही माझी आई? साडी जरीची नाही म्हणून, पाटाला रांगोळी नाही म्हणून रुसणाऱ्या बायकांची जी आयुष्यभर थट्टा करत आली, ती भर पंगतीत तोंड फिरवून बसली होती! मी जवळ जाऊन कानात म्हटलं, “आई, काय चाललंय हे? लोक बघताहेत.” ती म्हणाली, “बघू देत.” आत्यानं दुसरी साडी आणून पुढं ठेवली, ती तिनं परत केली. बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. म्हेत्रेकाकू पंगतीतनं उठून जवळ येऊन बसल्या, काही चुकायला नको म्हणून. इतकं वर्ष घालवून लग्न लागलं आणि त्याचा हा शेवट, म्हणून मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. वैजयंतीकडे बघितलं तर ती शालूचा पदर तोंडावर धरून उभी. मला वाटलं, रडतेय.

कुणीतरी हरिपूरकरांना बोलावून आणलं. ते ताटासमोर येऊन उभे राहिले. आईनं मान आणखीच वळवली.

“विहीणबाई,” ते म्हणाले, “रुसवा काढायला आलोय.”

“हा रुसवा असा कार्यालयात निघायचा नाही. घरी येऊन काढावा लागेल.”

हरिपूरकर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला आणि नव्याकोऱ्या उपरण्यानं सावकाश पुसायला घेतला.

“आधी तुमचं म्हणणं नीट समजून घ्यावं लागेल,” ते म्हणाले.

“लागेलच.”

“एका दिवसात व्हायचं नाही, असं दिसतं.”

“नाहीच व्हायचं.”

“मग रविवारी येतो,” हरिपूरकर म्हणाले आणि भर पंगतीत तिला हात जोडले. आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. “माझ्या गरीब भावाच्या नशिबी असली विहीण!” ती मोठ्यानं म्हणाली. वैजयंतीचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती.

पुढच्या रविवारी चारला फाटक वाजलं. म्हेत्रेकाकू ओट्यावरच होत्या. “काय ओ, अजून रुसवा गेला न्हाई व्हय?”

“नाही ओ,” हरिपूरकर म्हणाले. “फार कडक आहे.”

“मुलीच्या बापाला काय काय सोसावं लागतंय बघा,” काकू हळहळल्या आणि त्यांच्यासाठी आतनं पाटही घेऊन आल्या. ती हळहळ सबंध गल्लीला पुरली. मुलगी तिथंच नांदत होती, बाप दर रविवारी येत होता, आणि एका माणसालाही त्यात वाकडं दिसलं नाही. वैजयंतीनं नांदेडला नकार कळवला, सांगलीच्या शाळेत ती पुढं मुख्याध्यापिका झाली. आमची मुलगी झाली, चालायला लागली, आजोबांच्या मांडीवर बसून बिस्किट खाता खाता आत्मा आहे की नाही ते ऐकायला लागली. म्हेत्रेकाकू गेल्या, त्यांच्या सुनेनंही तोच रुसवा वारशानं घेतला. मी मात्र चहा करत राहिलो. एकाही रविवारी मला सिनेमाला जाता आलं नाही, की सासुरवाडीला म्हणून जाता आलं नाही. सासरा आमच्याच घरी. आणि एवढं करून देव आहे की नाही, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. मी कधी चिडून विचारलं, तर आई म्हणायची, “होत आलंय.”

हरिपूरकर गेले ते झोपेतच गेले. आम्ही सांगलीला पोचलो. त्यांच्या खोलीत आई भिंतीशी बसली. फार रडली नाही. उशाशी त्यांचा चष्मा होता, तो तिनं उचलला, पदरानं पुसला आणि घडी करून परत तिथंच ठेवला. कुसुमआत्या आता पार वाकली होती. ती काठी टेकत आली आणि आईच्या शेजारी बसली.

“विहीणबाई,” आत्या म्हणाली, “गेलेल्या माणसावर राग धरू नये. इतकी वर्षं बिचारा येत राहिला तुमच्या दारात. आता तरी रुसवा सोडा.”

आईनं तिचा हात हातात घेतला.

“सोडला असता,” ती म्हणाली, “तर ते आले असते का?”